उंबराच्या फांदीखालचा कॉम्प्युटर

परवा आमच्या जुन्या कॉम्प्युटरची एक वायर आणायला आमच्या सेक्टरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, तर दुकानदार हसायलाच लागला. म्हणाला, मावशी, ते यंत्र अजून जिवंत आहे तुमच्याकडे? ते कधीच बंद झालं. चाललंच नाही. नेट असेल तर कामाचं, नसेल तर पोळपाट. असल्या वस्तूला कोण विचारतो?

मी एरवी भांडखोर आहे, हे नवीन पनवेलातल्या निम्म्या बायकांना माहीत आहे. त्यांचे ब्लाऊज मीच शिवते आणि "जरा घट्ट झालाय" म्हणत आलेल्या बाईला तिने काय काय खाल्लं असेल ते मीच ऐकवते. पण त्या दिवशी भांडले नाही. एवढंच म्हटलं, तुमचं चाललं नसेल, आमचं चाललं. आणि वायर घेऊन घरी आले. येताना मात्र रस्ताभर एकटीच बडबडत होते, कारण त्याला सगळं सांगायचं राहून गेलं होतं.

तर ते असं झालं.

आम्ही मूळचे उरणकडचे, मिठागरावरची माणसं. आई गेली तेव्हा मी लहान होते आणि भाऊ तर रांगत होता. आत्याचा नवरा त्याच्याही आधी गेला होता, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. ती माहेरी परत आली ती आमची आई होऊन. तिला स्वतःचं मूल नाही. आमच्या डोक्याला तेल लावणं, आम्हाला बडवणं आणि बडवून झाल्यावर तांदळाची भाकरी भरवणं, सगळं तिनेच केलं. बापाला मिठागरातून मान वर काढायला फुरसत नव्हती.

आणि आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाला भटजी असतो, पण त्याच्या आधी आणि त्याच्याहून जास्त धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. मांडव उभा राहताना, देव बसवताना, हळद लावताना, प्रत्येक वेळचा धवला वेगळा. हळदीच्या धवल्यात ती घरातल्या एकेकाला नाव घेऊन हाक मारते. मामाला, मावशीला, काकीला, आजीला. ज्याला हाक आली त्याने "आलो" किंवा "आले" म्हणायचं, उठायचं आणि नवरीला हळद लावायची. हाक आल्यावर बसून राहायचं नाही, मग भांडण असो की दुखणं. कित्येक घरांतले अबोले आत्याच्या हाकेने मोडलेले मी बघितलेत.

आत्याने आजूबाजूच्या गावांत किती पोरींना हळदीला बसवलं याची तिलाही गणती नाही. पण तिने स्वतः कधी कोणाला हळद लावली नाही. विधवा बाईने ताटाला हात लावायचा नाही, हा तिच्या वेळचा दंडक, आणि नंतर लोक सैल झाले तरी ती झाली नाही. कोणी आग्रह केलाच तर म्हणायची, मी गानारी हाय, लावनारी नाय. आणि गाणारी स्वतःला कशी हाक मारणार? त्यामुळे आजवर एकाही मांडवात तिच्या नावाची हाक झाली नव्हती. हे मला लहानपणी कधी खटकलं नाही. माझ्या स्वतःच्या हळदीतही माझ्या लक्षात आलं नाही, तेव्हा मला नथ टोचत होती.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि पंधरवडा झाला नाही तोच गावी भावाकडे राहणारी आत्या मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावायला तयार होईनात. पडून राहायचं, हलवायचं नाही, गाडीत तर घालायचंच नाही. माझ्या मुलीला हे कळलं तशी तिने एकच वाक्य म्हटलं, आजीचा धवला नसेल तर मला हळद नको. पोरगी माझ्यावर गेलीय, एकदा बोलली की झालं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. जिने मला वाढवलं तिचा आवाज माझ्या दारातल्या मांडवात नसावा?

तुम्ही म्हणाल, मांडव आत्याच्या घरी घालायचा. नाही चालत. नवरीचा मांडव तिच्या बापाच्या दारात, हे ठरलेलं, आणि आमच्या ह्यांचं दार म्हणजे नवीन पनवेलातल्या इमारतीचं आवार. दुसरी धवलारीण बघायची तर शेजारच्या गावातली एक होती, ती त्या तिथीला दोन मांडवांना आधीच शब्द देऊन बसलेली. माझ्या भावाने तोडगा काढला, डीजेवाल्याकडे धवले भरलेले असतात, ते लावू. आत्याने पडल्या पडल्या त्याच्याकडे असं बघितलं की तो बाहेर जाऊन गाडी धुवायला लागला. भरलेल्या धवल्यात कोणाची नावं घेणार? दुसऱ्याच्या मामाला हाक मारून आपला मामा उठेल का?

माझा भाऊ म्हणजे रेती-खडीवाला. उलव्याच्या बाजूला जे काही उभं राहतंय त्यात कुठेतरी त्याची खडी आहेच. तीन डंपर, एक जेसीबी, गळ्यात चेन. मनाने सोनं आहे, पण वस्तू महाग असेल तरच चांगली असं मानणारा. मी त्याला म्हटलं, आत्या तिकडून गाईल, आपण इकडे बघू, तशी काहीतरी सोय कर. तो म्हणाला, माझा मोठा फोन देतो. पण आत्याला फोन जमेना. हात थरथरतो, चित्र लहान, मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलेला. शिवाय फोन भावाचा, गाण्याच्या मध्येच कोणीतरी खडी मागायचा.

तेव्हा मला त्या दुकानात ते दिसलं. कीबोर्ड होता, आणि त्याच्या पोटातच कॉम्प्युटर. दुसरं काही नाही. टीव्हीला वायर जोडायची, नेट लावायचं, सुरू. त्यात काही साठवता येत नव्हतं म्हणा, जे काय असेल ते नेटवर. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं, एवढंच? आत्याच्या पलंगासमोर भिंतीवर टीव्ही होताच. एका लांब वायरीचा कॅमेरा घेतला, तो तिच्या उशाजवळच्या स्टुलावर राहील असा. आमचे हे म्हणाले, अगं, विचार करून घे. मी म्हटलं, विचार तुम्ही करा, मी घेते.

भावाने ते उलटंपालटं करून बघितलं. "ताय, हे खेळनं हाय," तो म्हणाला. त्याचं म्हणणं, असल्या स्वस्तातल्या वस्तू गरिबाच्या नावाने काढतात आणि गरिबाच्या घरी पडून राहतात, कारण नुसतं यंत्र स्वस्त करून काय होतं, नेटही हवं, वीजही हवी आणि शिकवणारा माणूसही हवा. मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

वीज होती. माणूसही निघालं. आत्याचं सगळं बघायला एक बाई ठेवली होती, डोंगराकडच्या वाडीवरची, आधी वीटभट्टीवर काम केलेली. कीबोर्ड तिने जन्मात बघितला नव्हता. मी तिला चालू कसं करायचं ते दाखवलं, पहिल्यांदा ती बटणाला असा हात लावत होती जसा गरम तव्याला लावतात. दोन दिवसांनी मात्र चित्र दिसलं नाही की तीच मला ओरडायची, तुमचा आवाज बंद हाय, खालचं दाबा. मला अजून त्या बाईचं कौतुक वाटतं. तिच्या हाताशिवाय हे काही झालं नसतं.

आत्याची अट वेगळीच निघाली. ती म्हणाली, मी इथून म्हनेन, पन धवल्याला दोघी लागतात. एक म्हणते, दुसरी धरते. म्हणजे पहिलीने ओळ सोडली की दुसरीने ती उचलायची, तेवढ्यात पहिलीला श्वास मिळतो. आत्याच्या जोडीची बाई केव्हाच वारली होती. तर मांडवात बसून धरायला कोण? तिने माझ्याकडे बोट केलं. माझा गळा म्हणजे शिलाई मशीनला तेल नसल्यावर जसा आवाज येतो तसा. मी नाही नाही म्हणत होते, तर ती म्हणाली, गळा कोन बगतो, ओळ खाली पडली नाय पायजे.

झालं, शिकवणी ठरली. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी फोन दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकून मशीनवर उभा करायचे आणि तिकडे आत्या पलंगावरून टीव्हीत मला बघायची. पण पहिल्याच दिवशी ती तोंड उघडेना. मांडव नाय तर धवला नाय, म्हणाली. लग्नघर नसताना धवला म्हणायचा नसतो, देव फसतात, येऊन बसतात आणि बघतात तर लग्नच नाही. आता आली का पंचाईत! शेवटी वाडीवरची बाई मागच्या ओढ्यावरून उंबराची फांदी तोडून घेऊन आली, कारण आमच्या मांडवाला उंबर लागतो. ती फांदी टीव्हीच्या वर बांधली, आंब्याची पानं लावली. त्या फांदीखाली तो कीबोर्ड, त्याच्यापुढे नारळ. असा तो कॉम्प्युटर लग्नघरात बसला.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला तर सगळं पिवळं. आत्या नाही, पलंग नाही, नुसता पिवळा धूर. आवाज येतोय, चित्र पिवळं. मी फोन बंद करून परत लावला, हे मागून सूचना देत होते, मी त्यांना गप्प केलं. ह्यांचं म्हणणं कॅमेराच हलक्यातला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, रंग बिघडला असेल, आणा, बघू. मी भावाला फोन करायला नको होता, पण केला. त्याचा आवाज नुसता फुलला होता. सांगितलं होतं ना ताय, सांगितलं होतं ना. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने बघितलं आणि हसून हसून त्याला बोलता येईना. मांडवात बसलेल्या प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू लागतं, तसं आत्याने त्या बाईकडून कीबोर्डलाही लावून घेतलं होतं. आणि मग कॅमेऱ्याला. आत्या म्हणाली होती, ज्या डोळ्याने तो बघतो त्याला आधी लाव. बाईने कॅमेऱ्याच्या काचेवर मस्त बोटभर ओली हळद लावलेली. भावाने आपल्या शर्टाच्या टोकाने पुसली आणि त्या पिवळ्यातून आत्याचा चेहरा वर आला. त्या दिवशी आम्ही सगळे इतके हसलो की शिकवणी राहूनच गेली.

पण खरा त्रास नेटचा. गावातलं नेट म्हणजे लहरी जावई, आलं तर आलं. धवला रंगात यायचा आणि चित्र गपकन थांबायचं. आत्याचं तोंड उघडं, हात वर, आणि आवाज गायब. मी ओरडायचे, आत्या, थांब गं, तुटलं! ती थांबायची नाही. धवला एकदा सुरू केला की पुरा करायचा, मध्ये सोडला तर नवरीचा संसार मध्ये सुटतो, हे तिचं म्हणणं. वर तो त्या दिवशी परत म्हणायचाही नाही. म्हणजे मधल्या ओळी गेल्या त्या गेल्या. मी डोक्याला हात लावून बसायचे. एकदा वैतागून म्हटलं, या म्हातारीच्या हट्टापुढे देवानेही हात टेकले असतील. थोड्या वेळाने चित्र हललं आणि आत्या शांतपणे म्हणाली, म्हातारी कोन, मला आयकू येतंय.

तेव्हा कळलं की तिचा आवाज इकडे यायचा बंद झाला तरी माझा तिकडे जात असतो. दरवेळी नाही, पण बऱ्याचदा. त्यानंतर मी चित्र थांबलं की तोंड सांभाळायला लागले. आणि नुसतं गप्प बसवत नाही माझ्याने, म्हणून त्या वेळात पुढच्या ओळी आपल्या मनाने म्हणून बघायला लागले. आत्ता ती कुठे असेल, काकीपर्यंत आली असेल का, असा अंदाज धरत मशीनच्या पायडलवर पायाने ताल देत जायचे. चित्र परत आलं की कधी ती माझ्या पुढे असायची, कधी मी तिच्या. मग मी धावत तिला गाठायचे. चुकलं तर ती भुवया चढवायची. बरोबर असलं तर काहीच म्हणायची नाही, आणि ते काहीच न म्हणणं मला दिवसभर पुरायचं. ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लावून ठेवायचे, पण गुणगुणत.

मध्ये तर नेट सगळंच गेलं. रस्ता खोदताना कोणाच्या तरी जेसीबीने जमिनीतली तार तोडली होती. भाऊ दोन दिवस त्या जेसीबीवाल्याला शिव्या देत फिरत होता, मग कळलं की जेसीबी त्याचाच. त्या दिवसापासून त्याने खेळणं हा शब्द काढला नाही. स्वतः उभा राहून तार जोडून घेतली, वर आत्याच्या खोलीपर्यंत नवीन लाईन ओढून दिली. मी त्याला टोमणा मारला नाही, हा माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग असेल.

हळदीचा दिवस उजाडला. आवारात मांडव, उंबराची फांदी, आणि पुढे खुर्चीवर आमच्या हॉलमधला टीव्ही. त्याला मुलीचा लॅपटॉप जोडलेला. बाया हसत होत्या, लग्नात टीव्ही कशाला, मालिका बघायच्या काय? तिकडे आत्याला त्या वाडीवरच्या बाईने नवं लुगडं नेसवलं होतं, केस विंचरले होते. उशाजवळच्या स्टुलावर कॅमेरा, कीबोर्ड आणि हळदीचं ताट, कारण मांडवात ताट असतं म्हणून तिथेही हवं. टीव्हीत आत्या दिसली तसे म्हाताऱ्या बायांचे आवाज बसले. तिने धवला लावला. सुरुवातीला देवांना बोलावलं, मग गावदेवीला. मी ओळी धरत होते. माझा आवाज फाटत होता, पण ओळ खाली पडत नव्हती. मुलगी पाटावर बसली होती आणि खाली मान घालून हसत होती.

आत्याने मामाला हाक मारली. माझा भाऊ "आलो" म्हणत उठला आणि एवढा मोठा माणूस वाकून भाचीला हळद लावायला लागला. मग काकी, मग मावशी. आणि तिथे टीव्ही थांबला.

आत्याचं तोंड उघडं, हात वर. आवाज नाही. मांडवात एकदम अशी शांतता की शेजारच्या इमारतीतला कुकर ऐकू आला. हळदीच्या ताटाभोवती बायांचे हात तसेच राहिले. एक म्हातारी पुटपुटली, मोडला धवला. मुलीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. मागे डीजेवाला आपल्या पेटीकडे सरकला होता, भाऊ त्याला हाताने थांब थांब करत होता.

मी घाबरले नाही असं नाही. पण पाय आपोआप ताल द्यायला लागला, खाली मशीन नव्हतं तरी. रोज दुपारी हेच तर करत होते मी. मी डोळे मिटले आणि पुढची ओळ उचलली. दुसरी धरायला कोणी नव्हतं, तर मीच म्हटली आणि मीच धरली. श्वास पुरेना. आत्याला हाक मारली, म्हणजे मुलीच्या आत्याला, ह्यांच्या बहिणीला, ती "आले" म्हणत उठली. बायांच्या जिवात जीव आला, दोघीतिघींनी सूर धरला. आणि मग पुढची हाक होती आजीची.

आजीच्या जागी माझ्या सासूबाईंचं नाव घ्यायचं, ते घेतलं, त्या उठल्या, हळद लावून बसल्या. आता आईकडच्या आजीची हाक. आत्या अशा वेळी काय करायची ते मला माहीत होतं. नवरीच्या आईची आई हयात नसेल तर ती ओळ गाळून पुढे जायची. मी डोळे उघडले. समोर टीव्हीत ती तशीच थांबलेली, उघड्या तोंडाची, वर हात केलेली. कसं सुचलं माहीत नाही, विचार करून तर नाहीच. मी आजीच्या जागी आत्याचं नाव घेतलं. नाव घेऊन हाक मारली, जशी ती सगळ्या जगाला मारायची तशी.

कोणी "आले" म्हटलं नाही. म्हणणार कोण? मी ओळ परत म्हटली. हाकेला उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नसतं. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा माझा आवाज पार गेला होता, आणि मला वाटलं, आता खरंच मोडला.

तेवढ्यात टीव्ही हलला. आत्याचं चित्र फुटलं, तुकडे झाले, आणि सगळा पडदा पिवळा झाला. भर मांडवात नुसता पिवळा टीव्ही. कोणीतरी म्हणालं, बिघडला. हे उठून वायर बघायला गेले. पण मी आणि भाऊ, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या पिवळ्यातून बोटं मागे जाताना दिसत होती. वाडीवरच्या बाईची नव्हती ती. थरथरणारी होती.

भावाने तोंडावर रुमाल धरला. मुलगी पाटावरून अर्धी उठली आणि तिने टीव्हीपुढे गाल केला.

पिवळ्या पडद्यातून आत्याचा आवाज आला, जसा काही ती मागच्या खोलीतून बोलत होती.

"हाक मारलीस ना गं? मंग आले मी. लावली हळद."